जेवणासहित की जेवणाशिवाय?

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस कुठेतरी जाऊन यावे, असे आमच्या घरात दरवर्षी ठरते. कुठे जायचे हेही फारशी डोकेफोड न करता ठरते. खरी पंचाईत होते ती हॉटेलात फोन लावल्यावर. खोली शिल्लक आहे का, एवढे साधे आपण विचारावे, तर पलीकडचा गृहस्थ उत्तराऐवजी प्रश्नच टाकतो, "जेवणासहित की जेवणाशिवाय?"

हॅम्लेटला पडलेला प्रश्न याच्यापुढे काहीच नव्हता. त्याला निदान पाच माणसांची मते घ्यावी लागली नव्हती.

मी तळवड्याच्या एका कारखान्यात भांडारपाल आहे, म्हणजे चालू मराठीत स्टोअरकीपर. नटबोल्ट मोजून घ्यावेत आणि मोजून द्यावेत, यात सारा जन्म गेला. तेव्हा आगाऊ पैसे भरून घेतलेले जेवण ही माझ्या लेखी आधी खरेदी करून ठेवलेला माल. तो पडून राहू नये, वाया जाऊ नये, एवढे पाहिले की झाले. निदान तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझी अशी प्रामाणिक समजूत होती.

हॉटेलवाल्यांनी या प्रश्नाला भारदस्त नावे दिली आहेत. नुसती खोली म्हणजे युरोपियन प्लॅन. खोली आणि न्याहारी म्हणजे काँटिनेंटल. न्याहारी आणि एक जेवण म्हणजे सुधारलेला अमेरिकन, आणि तिन्ही त्रिकाळ खाणे म्हणजे अस्सल अमेरिकन प्लॅन. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली हॉटेले खोलीचे आणि जेवणाचे मिळून एकच भाडे घेत. युरोपात जेवणाचे वेगळे मोजावे लागे. नावे तिथून आली. पण वाचकहो, आपल्याकडे ही कल्पना काही सातासमुद्रापलीकडून यायला नको होती. 'बोर्डिंग' हा शब्दच मुळी जेवणाचा. टिळक रस्त्यावरच्या बादशाहीचे नाव बोर्डिंग म्हणूनच लोकांच्या तोंडी बसले ना!

लग्नाआधी मी पुण्याच्या पेठेत एका खानावळीत दोन वर्षे जेवलो. महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला आगाऊ. पण त्या व्यवहारात एक मोठी सोय होती, तिचे नाव खाडा. सकाळी दहाच्या आत मालकांना सांगितले, की संध्याकाळचा खाडा मांडला जाई आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे वळते होत. न सांगता गैरहजर राहिलात, तर पैसे गेले. मालक म्हणत, "तुम्ही आला नाहीत हे मला तुमचं ताट वाढल्यावर कळलं, तर त्या ताटाचं मी काय करू?" त्या वयात मला हा निव्वळ कंजूषपणा वाटे.

पुढे कारखान्यात आलो. 1948 च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली, तेव्हापासून कुपनाचे जेवण हा कामगाराच्या दिनक्रमाचाच भाग झाला. आमच्याकडेही कुपन आले. तात्पर्य, आगाऊ जेवणाचा मला तीस वर्षांचा अनुभव. सहलीच्या बाबतीत मला कोण शिकवणार?

तीन वर्षांपूर्वी आम्ही मालवणला गेलो. मी, आमची ही, आई, थोरली मुलगी आणि धाकटा चिरंजीव. हॉटेलवाल्याने सांगितले, दोन वेळचे जेवण आधी घेतले तर ताट साडेचारशे रुपयांना पडेल. आयत्या वेळी घेतले तर जास्त. तीन दिवस, पाच माणसे, दोन जेवणे: तीस ताटे, साडेतेरा हजार रुपये. ही म्हणाली, "अहो, आई रात्रीच्या जेवत नाहीत." मी म्हटले, "हवापालटाने भूक लागते."

पहिल्या दिवशी कोल्हापूर सोडून फोंडा घाट उतरलो आणि हॉटेलात पोचलो तो दुपारचे चार वाजले होते. जेवणघर बंद. पाच ताटे बुडाली. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग पाहायला गेलो. महाराजांनी 1664 साली या किल्ल्याचा पाया घातला. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव, साखरबाव. भुकेल्या पोरापुढे ही नावे उच्चारू नयेत, हे मला तिथे कळले. "बाबा, नुसतं पाणीच आहे का?" असे विचारत तो साखरबावीपाशी बसून राहिला. होडीच्या रांगेतून परत येईतो अडीच वाजून गेले आणि आणखी पाच ताटे बुडाली. आईने तिन्ही रात्री कपभर दूध घेतले. ते कराराबाहेरचे, म्हणून त्याचे पैसे निराळे!

त्या रात्री मी चिरंजीवांना बळेच जेवायला घातले. "पैसे भरलेत, आणखी घे," असे म्हणत तिसऱ्यांदा वाढायला लावले. मध्यरात्री त्याचे पोट दुखू लागले. ही त्याच्या पोटाला शेक देत बसली, मला काही बोलली नाही. मी मात्र निघताना गल्ल्यापाशी अर्धा तास हुज्जत घातली. तेरा ताटे आम्ही खाल्ली नाहीत, त्यांचे पैसे परत द्या. "आधी सांगायला हवं होतं, साहेब," एवढेच उत्तर मिळाले. सतरा ताटे साडेतेरा हजारांना. घरी येईपर्यंत सारा घाट मी एकच आकडा घोकत होतो: दर ताटाला सातशे चौऱ्याण्णव रुपये.

साहजिकच, पुढल्या वर्षी जेवणाशिवाय! हरिहरेश्वरला गेलो. आता आम्ही स्वतंत्र होतो. भूक लागेल तिथे आणि मनाला येईल ते खावे. पण पाच माणसांना एका वेळी भूक लागत नाही आणि एका जागी मन बसत नाही, हे मी हिशेबात धरले नव्हते. एक ठिकाण आईला तिखट, दुसरे मुलीला अस्वच्छ, तिसऱ्या ठिकाणी चुली विझलेल्या. दर वेळी सगळ्यांच्या नजरा वळत त्या हिच्याकडे. "तूच सांग, कुठे जेवायचं?" दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता गाडीत बिस्किटांचे पुडे फुटले. खर्च आदल्या वर्षाच्या निम्माही झाला नाही. मी खुशीत होतो. परतीच्या वाटेवर ही म्हणाली, "घरी एका स्वयंपाकघराची काळजी असते. इथं अख्ख्या गावातल्या स्वयंपाकघरांची होती."

ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन या दोन विद्वानांनी 1998 साली असे मांडले, की धुलाईयंत्रासारख्या वस्तूचे पैसे माणसाला मागाहून द्यायला आवडतात, पण सहलीचे मात्र आधी देऊन मोकळे व्हायला आवडते. सहलीत प्रत्येक घासाला पाकीट उघडले, की घासाची गोडी जाते. हे मला पटले. पण पैशाची काळजी मिटली तरी ताटाची काळजी कुणी वाहायची, हा प्रश्न उरतोच, आणि आमच्या घरात त्याचे उत्तर न विचारताच ठरलेले होते.

गेल्या वर्षी पुन्हा मालवणच्याच बाजूला गेलो. पण या वेळी तारकर्लीला एका घरी उतरलो. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी, रांधणाऱ्या घरधनीणबाईच. त्यांचा नियम साधा होता. दुपारचे जेवण हवे तर न्याहारीच्या वेळी सांगायचे, रात्रीचे हवे तर चारच्या आत. माणसे कळली की त्या मानाने मासळी घ्यायची, नारळ फोडायचा. पैसे शेवटी, जेवढी ताटे तेवढेच. माझे कान टवकारले. ही तर आमच्या पेठेतल्या खाड्याची पद्धत!

पहिल्या संध्याकाळी बाई ओटीवर आल्या आणि हिला म्हणाल्या, "वहिनी, उद्या जेवायला काय करू?"

ही काही बोलेना. मला वाटले, ऐकू आले नाही. मग लक्षात आले, की हा प्रश्न तिला ओळखीचा होता. पण तो नेहमी तिने विचारायचा असे. रोज संध्याकाळी ती आम्हाला विचारते आणि आम्ही तिघेही मान वर न करता "काहीही कर" म्हणतो. शेवटी तीही तेच म्हणाली, "काहीही करा."

"असां कसां चलात?" बाई म्हणाल्या. "काय व्हया तां सांगा!"

तेव्हा ही जरा लाजत म्हणाली, "काळ्या वाटाण्याचं सांबारं कराल? आणि घावणे." लहानपणी कणकवलीला मावशीकडे खाल्ले होते म्हणे. एकवीस वर्षे संसार केला. भांडारातल्या शेकडो जिनसांचे क्रमांक मला पाठ आहेत, पण हिला काळ्या वाटाण्याचे सांबारे आवडते, हे मला त्या दिवशी, एका परक्या बाईने विचारल्यावर कळले.

आईसाठी रात्री पेज आली. वर चमचाभर तूप आणि लोणच्याची फोड. आईने वाडगा पुरा केला. हिशेबाच्या वेळी मी ती पेज धरा म्हटले, तर बाईंनी धरली नाही.

हिशेबाची वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. आम्ही सांगून केलेले खाडे बिनचूक मांडले होते. मी आपला व्यवसायबंधू भेटल्याच्या आनंदात विचारले, लोक आयत्या वेळी फिरवतात तेव्हा तुमचे नुकसान होत असेल? त्या म्हणाल्या, नुकसान सोसता येते. पण अन्न झाकून ठेवून वाटेकडे डोळे लावून बसावे लागते, त्याचा शीण येतो.

त्यावर ही सहज म्हणाली, "आमच्याकडे खाडे सांगायची पद्धत नाही."

ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिले असते. पण तिथून तळवड्याला येईपर्यंत ते वाक्य माझ्या शेजारी बसून होते. पाळी सुटताना कुणाची बढती होते, निगडीला चहा-भजी होतात, त्याचे जेवण होते. कधी जादा काम निघते आणि मी उपाहारगृहात कुपन फाडतो. कधी चाकणच्या रस्त्यावर मालमोटारींची रांग लागते आणि तास तिथेच जातो. मग घरी येऊन "जेवून आलोय" असे पायातले बूट काढता काढता सांगायचे. ओट्यावर झाकलेले ताट असते. ती ते काही न बोलता उचलते. सकाळी त्यातल्या पोळ्यांचा कुस्करा होतो आणि तो बहुधा तीच खाते.

तेरा ताटांसाठी अर्धा तास भांडणारा मी. एकवीस वर्षांत घरी अशी किती ताटे मी बुडवली असतील, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सारे खरे, पण प्लॅन घ्यावा की न घ्यावा? तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटार जात नाही आणि भाजीचे पोतेसुद्धा घोड्याच्या पाठीवरून यायचे, तिथे जेवणासहित राहावे. दिवसभर भटकायचे असेल तर न्याहारी आणि रात्रीचे जेवण ठरवावे, दुपार मोकळी ठेवावी. पोचण्याच्या दिवसाचे दुपारचे जेवण कधीही आधी घेऊ नये. म्हाताऱ्या माणसांचे आणि मुलांचे ताट निम्म्या दराने मिळेल का, ते विचारावे. सर्वांत आधी विचारावे ते हे, की खाडा धरता का? जो धरतो, त्याच्याकडे डोळे मिटून जावे. कारण आगाऊ पैसे देण्यात फारसा लाभ नाही. लाभ आहे तो आगाऊ सांगण्यात, आणि कुणीतरी आपल्याला आगाऊ विचारण्यात.

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्याच्यावर दुधाचे खाडे मांडण्याची जुनीच चाल. तारकर्लीहून आल्यापासून त्याच चौकोनांत माझेही खाडे पडू लागले. दुपारी चारच्या आत फोन करायचा, हा नियम. पहिले काही दिवस फोनवर "बरं" एवढेच उत्तर येई. हल्ली "मग मी आज खिचडीच टाकते" असे येते आणि त्या आवाजात सुट्टी लागल्याचा आनंद असतो.

मागच्या महिन्यात दुधाचे दोन आणि माझे पाच खाडे होते. शिवाय 18 तारखेच्या चौकोनात हिच्या अक्षरात आणखी एक होता. मी विचारले, "हा कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली. "आठ दिवस आधी सांगितलाय."

त्या संध्याकाळी ती मैत्रिणीबरोबर नाटकाला गेली. थोरलीने भात लावला, मी पिठले केले, त्याच्या गुठळ्या आईने निमूटपणे गिळल्या. यंदाच्या सहलीसाठी परवा हॉटेलात फोन लावला तेव्हा पलीकडून नेहमीचा प्रश्न आला. मी "थांबा हं" म्हटले आणि फोन हिच्या हातात दिला.