उलटा वळणारा चेंडू

आमच्या नावावर क्रिकेटमधील एकच बळी आहे, आणि तोही आम्ही मैदानावर नव्हे, जिमखान्याच्या खोलीत खुर्चीवर बसून घेतला. १९९६ सालची गोष्ट. नवखे प्राध्यापक म्हणून महाविद्यालयाच्या संघाची देखरेख आमच्या गळ्यात पडली होती. संघात एक शिडशिडीत गोलंदाज होता. तीसचाळीस षटके होऊन चेंडूचे कातडे खरवडले गेले, की त्याचे चेंडू बाहेर जाण्याचे सोंग करीत आणि शेवटच्या क्षणी आत शिरून यष्टी उडवीत. शिवण रोखलेली बाहेर, आणि चेंडू आत! प्रतिपक्ष कुरकुरला. आम्ही त्याचे खिसे तपासले. निघाला तो घामेजलेला रुमाल. तरीही पुढच्या सामन्यातून आम्ही त्यास वगळले. तो एक शब्दही बोलला नाही, आणि ते मौन हीच आम्ही कबुली मानली.

त्या काळी असा संशय घेणारे आम्ही एकटेच नव्हतो. १९९२ च्या उन्हाळ्यात वसीम अक्रम व वकार युनूस यांनी इंग्लंडच्या फलंदाजांची दाणादाण उडविली, तेव्हा तेथील वृत्तपत्रांस त्यात लबाडीचा वास आला. हीच विद्या २००५ साली फ्लिंटॉफ व सायमन जोन्स यांनी ऑस्ट्रेलियावर चालविली, तेव्हा मात्र त्याच देशात तिचे कला म्हणून कौतुक झाले!

पुढे पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्याने चहाच्या पेल्यावर आमचे अज्ञान फेडले. चेंडूलगत वाहणारा हवेचा पातळ थर तिरक्या शिवणीवर अडखळून खळबळतो. असा खळबळलेला थर चेंडूस अधिक वेळ बिलगून राहतो, म्हणून नवा चेंडू शिवणीच्या रोखाने वळतो. परंतु शिवणीकडील बाजू खडबडीत झाली आणि वेग पुरेसा असला, तर थर शिवणीपाशी पोचण्यापूर्वीच खळबळलेला असतो. मग शिवण त्यास उलट लवकर सोडविते, आणि चेंडू विरुद्ध दिशेस वळतो. यास ना नख लागते, ना बाटलीचे बूच. एक बाजू खरवडण्यास आमचे खडकाळ मैदान समर्थ होते. दुसरी चकचकीत राखण्यास त्या पोराचा घाम आणि विजार पुरेशी होती.

तो आता एका बँकेत अधिकारी आहे. गेल्या दिवाळीत बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, अजून सामने पाहता का?”

“क्वचित,” आम्ही म्हणालो, आणि त्याच्या मुलाची इयत्ता विचारली.