देणं नसलेलं देणं

‘मून रिव्हर’ तुम्ही ऐकलंय. नाही म्हणू नका. एखाद्या कॉफी शॉपमध्ये, हॉटेलच्या लॉबीत, नाहीतर रात्री उशिरा कॅबच्या रेडिओवर, कुठेतरी ते कानावरून गेलेलंच असतं. १९६१ च्या ‘ब्रेकफास्ट अॅट टिफनीज’मध्ये ऑड्री हेपबर्न खिडकीत गिटार घेऊन बसते आणि गाते, तेच. संगीत हेन्री मॅन्सिनीचं, हेही दर्दी मंडळी सांगतात. पण शब्द कुणाचे, असं विचारलं की भलेभले गप्प.

शब्द जॉनी मर्सरचे. आणि खरं सांगायचं तर मी या माणसाच्या नादी लागलो ते त्याच्या गाण्यांमुळे नाही, एका चेकमुळे. पण चेकपर्यंत जायचं तर आधी करिअर बघायला हवं. तेही सॉलिड आहे.

मर्सर १९०९ चा. जन्म अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सवाना गावचा. घर खाऊनपिऊन सुखी, वडिलांचा जमीनजुमल्याचा धंदा. मुलगा चांगल्या बोर्डिंग शाळेत, पुढे प्रिन्स्टनला जायचं जवळपास ठरलेलं. १९२७ मध्ये जमिनीचे भाव कोसळले आणि धंदा बुडाला. गावातल्या लोकांनी मोठ्या विश्वासाने गुंतवलेले पैसे त्यात अडकले. प्रिन्स्टन गेलं. पुढच्या वर्षी एकोणीस वर्षांचा जॉनी न्यूयॉर्कला आला. हातात डिग्री नाही, नोटेशन धड वाचता येत नाही. नाटकात छोटी कामं, वॉल स्ट्रीटवर निरोप्याची नोकरी आणि उरलेल्या वेळात गाणी लिहिणं. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या पहिल्या दोन वर्षांची गोष्ट, फक्त शहर वेगळं.

१९३० मध्ये एका ब्रॉडवे शोमध्ये गाणं लागलं. १९३२ मध्ये गायनाची स्पर्धा जिंकून तो पॉल व्हाइटमनच्या ऑर्केस्ट्रात शिरला, आणि १९३३ मध्ये होगी कारमायकेलच्या चालीवर लिहिलेलं ‘लेझीबोन्स’ सुपरहिट झालं. टायमिंग बघा. दोनच वर्षांत, १९३५ च्या ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनच्या बँडवर तरुण पोरं वेडी झाली आणि स्विंगचा, म्हणजे बिग बँडचा जमाना सुरू झाला. पंधरा-सोळा वादक, समोर नाचणारी गर्दी, घराघरात रेडिओ. या मशीनला सतत नवीन गाणी लागायची.

आता गंमत अशी की या जमान्यात गीतकाराला जागा किती? तीन मिनिटांची तबकडी. त्यात आधी बँड पूर्ण चाल वाजवणार, मग गायक किंवा गायिका उठून माइकपाशी येणार, बत्तीस मात्रांच्या चार ओळींचा नव्हे, बत्तीस बारचा एक फेरा म्हणणार आणि जाऊन बसणार. तबकडीवर बँडलीडरचं नाव ठळक, गायकाचं त्याखाली लहान आणि गीतकाराचं कंसात. टीमचं प्रेझेंटेशन आणि शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात आपलं नाव, तसलाच प्रकार.

त्या एका फेऱ्यात मर्सरने काय केलं, तर अमेरिकन माणूस घरी आणि रस्त्यावर जे बोलतो तेच गाण्यात आणलं. दक्षिणेतली बोली, काळ्या शेजाऱ्यांच्या बोलण्याची आणि ब्लूजची लय, पोरांची स्लँग. १९३६ ला गुडमनसाठी ‘गुडी गुडी’. १९३९ ला ‘अँड द एंजल्स सिंग’. त्याची चाल ट्रम्पेटवादक झिगी एल्मनने पूर्व युरोपातल्या ज्यू लग्नाच्या धूनवरून बांधली होती, मर्सरने त्यावर शब्द बसवले. हॅरल्ड आर्लेनच्या साथीने १९४१ ला ‘ब्लूज इन द नाइट’, नंतर ‘दॅट ओल्ड ब्लॅक मॅजिक’, जे ग्लेन मिलरच्या बँडने घरोघरी नेलं. कारमायकेलने ‘स्कायलार्क’ची चाल दिली तेव्हा मात्र याने ती कित्येक महिने नुसती जवळ ठेवली. शब्द सापडेपर्यंत लिहिलं नाही. डेडलाइनवाल्यांनी हे मनात नोंदवून ठेवावं.

१९४२ मध्ये त्याने बडी डिसिल्वा आणि रेकॉर्डचं दुकान चालवणारा ग्लेन वॉलिक्स यांच्यासोबत स्वतःची कंपनी काढली, कॅपिटॉल रेकॉर्ड्स. वेळ एकदम वाईट. तबकड्या बनायच्या लाखेपासून, लाख यायची मुख्यतः आपल्या भारतातून, आणि महायुद्धात तिच्या वापरावर अमेरिकी सरकारने कडक बंधनं घातलेली. त्यात ऑगस्टमध्ये वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. तरी कंपनी तगली. नॅट किंग कोलसारखा माणूस तिथे मोठा झाला. १९४६ च्या शेवटी एकामागून एक बँड बंद पडले, पण मर्सरचं काम थांबलं नाही. आणि १९५५ मध्ये ब्रिटिश ईएमआयने कॅपिटॉल जवळपास ८५ लाख डॉलरना विकत घेतली.

आता तो चेक. मर्सरच्या वडिलांनी १९२७ नंतर दिवाळं काढून हात झटकले नव्हते. कंपनीची मालमत्ता विकायला बँकेकडे दिली, जमेल तेवढं फेडलं आणि १९४० मध्ये ते गेले. बरीच रक्कम बाकीच होती. कायद्याने ती मुलाच्या डोक्यावर नव्हती. देणं कंपनीचं, कंपनी बुडालेली, वडील वारलेले, मध्ये अठ्ठावीस वर्षं गेलेली. कॅपिटॉलच्या विक्रीतले पैसे हातात आले आणि मर्सरने सवानाच्या बँकेला ३ लाख डॉलरचा चेक पाठवला. वडिलांकडे ज्यांचे पैसे अडकले होते, त्या सगळ्यांची बाकी चुकती करा, म्हणून.

मी हे वाचलं तेव्हा पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो, आणि डबा तसाच राहिला. कारण आमच्या घरीही एक वही आहे. सांगलीत बाबांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपती मंडळांच्या पावत्या. डिजिटल प्रिंटिंग आलं आणि २०१२ मध्ये तो बंद झाला. मशिन आणि गाळा विकून बँकेचं कर्ज फिटलं. कागदावर आम्ही मोकळे. पण बाबांच्या वहीत पाच नावं उरली. उधारीवर रिमं देणारे कागदवाले, वीस वर्षं बाइंडिंग करणारे काका ज्यांचा शेवटचा हिशेब राहिला, आणि तीन जण ज्यांनी अडीअडचणीला हातउसने दिले. यातल्या कुणीही कधी दारात येऊन मागितले नाहीत. म्हणूनच बाबा अजूनही पेठेतून जाताना एक गल्ली टाळतात.

माझे मित्र प्रॅक्टिकल आहेत. “अरे, लीगली काही आहे का? मग फ्लॅटचं डाउन पेमेंट बघ.” त्यांचं चूक नाही. एका अप्रेझलमध्ये दोन्ही बसत नाही, आणि पुण्यातले भाव बघता एक वर्ष थांबणं म्हणजे काय, हे कुणी समजावायला नको. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, “बाबांना विचारलंस का? त्यांना ते तुझ्याकडून चालेल का?” हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मर्सरची बाजू या बाबतीत सोपी होती. त्याच्या वडिलांना गेल्याला पंधरा वर्षं झाली होती, मुलाचा चेक बघून ते संकोचणार नव्हते.

मर्सर संत नव्हता, हेही सांगायला हवं. दारू प्यायला की जवळच्या माणसांनाच इतकं लागेल असं बोलायचा, की दुसऱ्या दिवशी फुलं पाठवून माफी मागायची वेळ यायची. पण देण्याघेण्याच्या बाबतीत गडी पक्का. १९५७ मध्ये ओहायोतल्या यंगस्टाउनमधल्या, कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर काम करणाऱ्या सेडी व्हिमरस्टेड या बाईने त्याला पत्रातून एका गाण्याची कल्पना कळवली. पत्त्यात त्याचं नाव, ‘गीतकार’ आणि न्यूयॉर्क, एवढंच. पत्र पोचलं. मर्सरने गाणं लिहिलं, तिचं नाव आपल्या शेजारी लावलं आणि रॉयल्टीत वाटा दिला. १९६३ मध्ये टोनी बेनेटच्या आवाजात ‘आय वॉना बी अराउंड’ गाजलं. पत्रातली कल्पना उचलली असती तर कुणाला कळलं असतं?

मी बाबांना विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, “आधी बाइंडिंगवाले. पण पैसे द्यायला मी येणार. तू नुसता बरोबर चल.”

पहिलं नाव दिवाळीत खोडलं. चार बाकी आहेत. फ्लॅट पुढच्या वर्षी बघू.