आधीचा आकडा कुठे आहे?

खाण्याच्या वस्तूत किरणोत्सार सापडला की ती विषारी, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. चेर्नोबिलच्या 1986 मधल्या अपघातानंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या लोण्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तज्ज्ञांच्या समितीनं लोणी निर्धोक ठरवलं, तरी माझ्या मनातलं भय गेलं नाही. 2011 मध्ये जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांत अपघात घडला, कोकणातल्या जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाला विरोध पेटला, तेव्हा आम्ही काही मित्र आमच्या शहरातल्या क्रांती चौकात शिवरायांच्या पुतळ्यापाशी फलक घेऊन उभे राहिलो. अन्नात शून्य किरणोत्सार हवा, ही आमची मागणी होती.

ते ‘शून्य’ आज मला पटत नाही. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात एकट्या पोटॅशियम-40 चे सुमारे 4,000 अणू दर सेकंदाला फुटत असतात. भाकरीतून, केळ्यातून, दुधातून ते आपल्यात येतं. अणुभट्टी नव्हती तेव्हाही येत होतं.

माझं मत बदललं ते ट्यूना माशांच्या अभ्यासामुळं. ऑगस्ट 2011 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ पकडलेल्या माशांत सीझियम-137 आणि सीझियम-134 ही सीझियमची दोन समस्थानिकं आढळली. पहिलं निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात, म्हणून जुन्या अणुचाचण्यांचा अंश समुद्रात होताच. दुसरं मात्र दोन वर्षांत निम्मं होतं. ते जुनं असूच शकत नव्हतं. 2008 मधल्या माशांत ते नव्हतंही. जपानच्या समुद्रातून मासे ते घेऊन आले, हे संशोधकांना ठामपणे म्हणता आलं, कारण तुलनेला अपघाताआधीचे मासे होते. त्याच माशांत निसर्गातलं पोटॅशियम-40 कितीतरी पटींनी जास्त होतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

जैतापूरला माझा विरोध आजही आहे. मागणी मात्र बदलली आहे. तारापूरला 1969 पासून वीज तयार होते आणि तिथल्या मासळीची, दुधाची मोजणी अणुऊर्जा खात्याचीच प्रयोगशाळा करते. जैतापूरला तेवढ्यावर भागवू नये. प्रकल्पाशेजारच्या साखरी नाट्याच्या बांगड्यात, कोळंबीत आज काय आहे, ते प्रकल्पाआधीच स्वतंत्र प्रयोगशाळेनं मोजावं. दरवर्षी तीच जात, तोच हंगाम, तीच जागा धरून मोजणी व्हावी आणि आकडे मच्छीमारांच्या हाती मराठीत पडावेत.

आंदोलनातल्या माझ्या मित्रांनो, कुणी किरणोत्साराचा आकडा पुढं केला, तर घाबरण्याआधी आणि निर्धास्त होण्याआधीही विचारा: कोणत्या समस्थानिकाचा, आणि पूर्वी किती होता?