लांब शब्दांची फोड

मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा कॉमर्सच्या मुलांना हिशेब अडवीत नाही, शब्द अडवितात. डिप्रीशिएशन म्हणजे घसारा हे ठाऊक असते. परंतु भर वर्गात तो शब्द उच्चारताना जीभ अडखळली आणि कोणी हसले की पुढे कित्येक दिवस शंका मनातच राहतात.

यावर मला लाभलेला उपाय असा : लांब शब्द दोनदा फोडावा. एकदा तोंडासाठी, एकदा अर्थासाठी. या दोन्ही फोडी पुष्कळदा जुळत नाहीत.

'मोनॉपली' घ्या. बोलताना त्याचे चार तुकडे पडतात : म-नॉप-अ-ली, जोर 'नॉप'वर. अर्थाचे भाग मात्र दोनच. ग्रीक 'मोनो' म्हणजे एकटा आणि 'पोली' हे विकणे या क्रियापदावरून आलेले. एकटाच विकणारा, म्हणून मक्तेदारी. पॉलिटेक्निकमधला 'पॉली' म्हणजे अनेक. तो येथे लावल्यास अर्थाचा अनर्थच! एवढे उमगले की 'ऑलिगॉपली'ही सुटतो : 'ऑलिगो' म्हणजे थोडके, विकणारे थोडके. गिऱ्हाईकच एक असेल तर 'मोनॉप्सनी'. जोन रॉबिन्सन यांच्या १९३३ च्या ग्रंथामुळे हा शब्द अर्थशास्त्रात रूढ झाला.

अशी फोड आपल्याला नवी का आहे? 'सूर्योदय' आपण सूर्-यो-दय असा उच्चारतो. विग्रह करतो सूर्य अधिक उदय. सांधा 'यो'च्या पोटात दडलेला असतो. कन्नडमध्ये 'मनेगळिंद' म्हणजे घरांतून. उच्चार म-ने-ग-ळिं-द, व्याकरणात मात्र मने, गळु आणि इंद. 'गळु'चा उकार गळून 'ळिं' होतो. कन्नडच्या तासाला त्यालाच लोपसंधी म्हणतात.

म्हणजे ही विद्या आपण शाळेतूनच शिकून आलो आहोत. इंग्रजी शब्द दिसताच मात्र ती विसरून आपण स्पेलिंग घोकत बसतो.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी आता खतावणीसारख्या दोन बाजू आखल्या आहेत. डावीकडे उच्चार : डि-प्री-शि-ए-शन. उजवीकडे विग्रह : लॅटिन 'डे' म्हणजे खाली, 'प्रेटियम' म्हणजे किंमत, किंमत खाली येणे. रोज एक शब्द, दोन्ही बाजूंना. मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांतील मित्रांनी असे एक पान आखून पाहावे. खर्च काहीच नाही, आणि या मालावर घसाराही लागत नाही.