रस्त्याची वांटणी

मुंबईंत घोड्यांची ट्राम १८७४ सालीं आली, १९०७ सालीं ती विजेवर धांवूं लागली आणि १९६४ सालीं कायमची बंद झाली. तिनें सोडलेली जागा मोटारींनीं केव्हांच व्यापली. नवा पूल झाला, कीं थोड्याच दिवसांत तोहि भरून जातो.

आमची धाकटी सून कचेरींतून बसनें येते. पन्नास माणसांची ती बस एकेकट्या माणसाच्या मोटारींमागें खोळंबते, आणि इकडे तान्हें मूल वाट पाहून झोंपीं जातें.

पंक्तींत एकट्यानेंच चार पाट अडविले, तर वडील मंडळी त्यास सरकावयास सांगतात. रस्त्याची वांटणीहि वाहनें मोजून नव्हे, माणसें मोजून व्हावी. बसला तिची निराळी वाट राखून द्यावी. घरोघरचीं मुलें तेवढीं लवकर आईजवळ जातील.