तयारीची वर्षे

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ‘ख्रिस्ती’ हा शब्द बहुधा दोन वाटांनी आला. एक वाट १८८७ साली स्थापन झालेल्या इंदूर ख्रिश्चन कॉलेजची. दुसरी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची. पहिलीने शिक्षण दिले, दुसरीने हसविले आणि रडविले. परंतु ख्रिस्ती सेवाजीवन जाणूनबुजून पत्करणे म्हणजे काय, आणि त्यासाठी अंतःकरणाची मशागत कशी करावी लागते, याचे एक उदाहरण आपल्या शहराच्या शेजारीच घडले आहे. त्याची चर्चा आपल्या मंडळींत फारशी होत नाही, म्हणून हे लिहावेसे वाटले.

राणी मारिया ही केरळातील पुल्लुवळी गावच्या शेतकरी कुटुंबातील मुलगी. जन्म १९५४ चा. अठराव्या वर्षी ती फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल झाली. १९७४ मध्ये तिने पहिले व्रत घेतले, कायमचे व्रत १९८० मध्ये. या सहा वर्षांच्या अंतराचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. व्रत घेणाऱ्याच्या पहिल्या उत्साहावर धर्मसंस्था लगेच विश्वास टाकत नाही. निर्धनता, ब्रह्मचर्य, आज्ञापालन हे शब्द उच्चारणे सोपे. ते रोजच्या भाकरीसारखे पचतात की नाही, हे पाहण्यास वर्षे जाऊ द्यावी लागतात. आपल्याकडे ‘निवृत्तीनंतर थोडी समाजसेवा करू’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यात वाईट काही नाही. पण उरलेला वेळ देणे निराळे आणि आयुष्याचा पहिला वाटाच काढून ठेवणे निराळे.

लक्ष्मीबाईंचे उदाहरण येथे आठवते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे त्यांनी काय केले? वाद जिंकला नाही, ग्रंथ चाळले नाहीत. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न स्वतःशीच घोळवला आणि हातातले सोवळे हळूहळू सोडले. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, एवढ्या साध्या गोष्टीत त्यांचे अंतःकरण घडत गेले. पतीच्या मागोमाग गेल्या असत्या तर ते पत्नीधर्माचे पालन ठरले असते. त्या स्वतःच्या पायांनी गेल्या. आमच्या मते ‘स्मृतिचित्रां’चा खरा गाभा तिथेच आहे, विनोदाची एवढी वाखाणणी झाल्यामुळे तो काहीसा झाकला जातो.

राणी मारियाची तयारीही अशीच साध्या कामांतून झाली. उत्तर प्रदेशातील बिजनौर येथे तिने आधी शाळेत शिकविले, मग समाजकार्य केले. १९८३ पासून सतना धर्मप्रांतातील ओडगडी येथे होती. मल्याळम् बोलणाऱ्या मुलीला हिंदी पट्ट्यातील खेड्यांची भाषा, तेथील भूक आणि तेथील भीती समजून घ्यायला सोळाहून अधिक वर्षे मिळाली. मे १९९२ मध्ये ती देवास जिल्ह्यातील उदयनगरला आली, तेव्हा तिला काय करायचे ते ठाऊक होते.

उदयनगरच्या आदिवासींचे दुखणे दारिद्र्य एवढेच नव्हते. ते वहीत लिहिलेले होते. सावकाराचे व्याज पिढ्यान्‌पिढ्या फिटत नसे. राणी मारियाने लोकांना संघटित केले, बचतीची सवय लावली, बँकेचे कर्ज व सरकारी योजना त्यांच्या दारापर्यंत आणल्या, आपला हक्क कोणाकडे मागावा ते सांगितले. ज्यांचे पूर्वज होळकरांच्या दफ्तरांत हिशेब लिहीत आले, त्या आपल्या घराण्यांना हे सांगायला नको की, जो दुसऱ्याला वही वाचायला शिकवतो तो वहीवाल्याचा शत्रू होतो. येथे कोणी धर्मांतराचा प्रश्न काढील. तो प्रश्न मध्यप्रदेशात जुना आहे आणि त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. पण या खुनामागे सावकार-जमीनदारांचे दुखावलेले हितसंबंध होते, असेच तिच्या कार्याची हकीकत सांगणारे सांगतात.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी ती उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसली. पुढे केरळला, घरी जायचे होते. नाचनबोर टेकडीपाशी समंदरसिंह नावाच्या तरुणाने तिच्यावर सुऱ्याचे घाव घातले. तिच्या देहावर पन्नासाहून अधिक जखमा होत्या. वय एक्केचाळीस. बसमध्ये प्रवासी होते. मध्ये कोणी पडले नाही. त्या प्रवाशांना नावे ठेवणे आम्हांस जमत नाही. धैर्य ऐन वेळी सापडत नाही. ते आधीपासून साठवलेले असावे लागते.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये मोठ्या समारंभात तिला ‘धन्य’ घोषित करण्यात आले. तथापि आमचे मन समारंभापेक्षा तिच्या धाकट्या बहिणीकडे अधिक ओढ घेते. सेल्मी पॉल ही त्याच संघातील भगिनी. समंदरसिंहाला जन्मठेप झाली होती. २००२ च्या राखीपौर्णिमेला ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर तिने राखी बांधली.

खुनानंतर सात वर्षांनी. ‘क्षमा केली’ हे वाक्य आपण दोन शब्दांत उरकतो, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला. प्रार्थना रोज करणाऱ्या, व्रतस्थ स्त्रीच्याही वाट्याला मधली सात वर्षे आलीच. आणि क्षमा व्यक्त करण्यासाठी तिने निवडली ती आपल्या घरोघरी असलेली, बाजारात स्वस्तात मिळणारी सुताची राखी.

पुढे त्याच्या सुटकेसाठी कुटुंबाने व संघाने शब्द टाकला आणि २००६ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला. नंतर तो पुल्लुवळीला गेला. राणी मारियाच्या वृद्ध आईने त्याचे हात हातांत घेतले आणि त्यांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या मुलीचे रक्त लागले आहे, असे ती म्हणाली.