नववी मात्रा

तीनतालाच्या नवव्या मात्रेवर टाळी द्यावयाची नसते, हात नुसता उलटा करून बाजूला न्यावयाचा असतो, ही गोष्ट मी सारेगम शिकण्याच्याही आधी शिकलो. मिरजेतील एका जुन्या वाड्याची माडी, दिवेलागणीची वेळ, जाजमावर दोन ओळींत बसलेली आम्ही दहा-बारा मुले, भिंतीला पाठ टेकून बसलेले बुवा आणि त्यांच्या तोंडून संथपणे निघणारी एक ते सोळा ही मोजणी, एवढाच त्या शिक्षणाचा प्रारंभीचा सरंजाम होता. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला ‘खाली’. दिवसभर शाळेत जे जे येत असेल ते ते पाटीवर उतरवून, तोंडाने घोकून किंवा उभे राहून सांगून सिद्ध करावे लागे. आणि येथे मात्र एक वयोवृद्ध गृहस्थ आम्हांला बजावीत होते की, या मात्रेवर काही करावयाचे नाही, परंतु ती मोजावयाची मात्र विसरावयाची नाही.

खरे पाहता गाणे शिकण्याची इच्छा माझी नव्हती. ती माझ्या थोरल्या बहिणीची होती, आणि संध्याकाळच्या वेळी मुलीने एकटीने परक्या वाड्यात जावयाचे नाही हा त्या काळचा शिरस्ता असल्यामुळे मला तिच्यासोबत पाठविण्यात येई. आमचे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. दप्तर, दाखला, नक्कल आणि हजेरी या चार शब्दांवर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी पंचांगावरही नसावी. ज्या विद्येचा दाखला मिळत नाही ती विद्या त्यांच्या लेखी फार तर हौस ठरे, आणि मुलीच्या हौसेला घराच्या उंबऱ्याबाहेर जाण्याची मुभा नसे. बहिणीने आठ दिवस धरलेला अबोला आणि आईने केलेली रदबदली या दोहोंचाही ज्यांच्यावर परिणाम झाला नाही, ते वडील अखेर बुवांच्या एका वाक्याने वश झाले. बुवा म्हणाले, “रावसाहेब, मुलगी परीक्षेस बसेल. शिक्क्याचे प्रमाणपत्र मिळते.” वडिलांनी चष्मा काढून पुसला, आणि पहिल्या महिन्याची फी त्याच संध्याकाळी मोजून दिली.

त्या शिक्क्यामागे किती मोठा इतिहास उभा आहे हे मला फार पुढे कळले. आमच्या मिरजेजवळच्याच कुरुंदवाडास 1872 साली जन्मलेला एक मुलगा फटाक्याच्या अपघातात दृष्टी अधू करून बसतो, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकतो, गुरुगृह सोडून उत्तरेकडे भ्रमंती करतो, आणि 1901 सालच्या मे महिन्यात लाहोरसारख्या दूरच्या शहरी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना करतो, ही विष्णु दिगंबर पलुस्करांची कथा सर्वश्रुत आहे. तिचा एक पैलू मात्र मला सतत विचारप्रवृत्त करतो. तोपर्यंत गाणे हे गुरूच्या घरात राहून, त्याची सेवाचाकरी करून, त्याची मर्जी सांभाळून कणाकणाने मिळवावयाचे धन होते. पंडितजींनी ते घराबाहेर काढले आणि त्याला वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके, स्वरलिपी, फी आणि परीक्षा असा सारा शाळेचा पोशाख चढविला. जे विद्यार्थी पुढे संगीताचे अध्यापन करणार त्यांच्याकडून रीतसर करार लिहून घेऊन त्यांच्या अन्नवस्त्राचा भार ते स्वतः वाहत. मुंबईस त्यांनी विद्यालयाची इमारत उभी केली ती कर्ज काढून, आणि त्या कर्जापायीच ती लिलावात गेली. 1931 साली मिरजेस त्यांचे देहावसान झाले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या ज्या परीक्षा आज गावोगावची मुले देतात, त्या या मंडळाच्या होत. म्हणजे माझ्या बहिणीला उंबऱ्याबाहेर काढणारा तो शिक्का एका माणसाने आपली वास्तू गमावून घडविलेल्या परंपरेतून आला होता. परीक्षेची थट्टा करण्यापूर्वी मी हे नेहमी आठवतो.

तथापि त्या परीक्षेचा मला आलेला अनुभव फारसा सुखद नव्हता. सोबतीला जाता जाता मीही गाऊ लागलो होतो, आणि दुसऱ्या वर्षी बुवांनी माझेही नाव घातले. एका अनोळखी सभागृहात, अनोळखी तबलजीच्या साथीला, भूपाचा छोटा ख्याल म्हणताना मला निषाद लागला. भूपात मध्यम नाही आणि निषाद नाही, हे सात वर्षांच्या मुलालाही पाठ असते. मलाही पाठ होते. परीक्षकांनी मान वर न करता कागदावर काहीतरी टिपले, आणि त्या पेन्सिलीच्या खरखरीने माझा पुढचा अंतरा गिळून टाकला. परतताना मी रडवेल्या सुरात म्हणालो, “बुवा, निषाद चुकून लागला.” ते थांबले, आणि म्हणाले, “चुकून नाही लागला रे. तू तंबोरा ऐकत नव्हतास, तू त्यांची पेन्सिल ऐकत होतास.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला महिनाभर गाऊ दिले नाही. तंबोरा जुळविण्याचे काम दिले. मिरजेत तंबोऱ्यांना तोटा नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आमच्या सतारमेकरांच्या गल्लीत येऊन पडतात, आणि तेथील कारागिरांची मुले अक्षर गिरवू लागण्याच्या वयातच सुक्या भोपळ्यावर टिचकी मारून त्याचा आवाज पारखू लागतात. आमच्या तंबोऱ्याच्या खुंट्या कुरकुरत. पंचमाची तार, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज एकमेकींशी जुळवून, मणी तसूभर सरकवून, घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा पुढेमागे करीत जवारी उघडेपर्यंत अर्धा अर्धा तास निघून जाई. पहिले पंधरा दिवस मला काहीच ऐकू आले नाही. मग एका संध्याकाळी धागा केसभर हलला, आणि खर्जाच्या तारेतून, कोणीही न छेडलेला, एक सूक्ष्म गंधार उमलून वर आला. मी बुवांकडे पाहिले; त्यांनी नुसती मान हलविली. त्या ज्ञानाचा दाखला मजजवळ नाही; पण त्यानंतर भूपात मला निषाद लागला नाही.

रविवारी सकाळी मी चित्रकलेच्या एका निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर जात असे. शाळेत चित्रकलेचा तास होता. परंतु वर्षातून निम्मे दिवस तो गणिताला बहाल होत असे. मास्तर ओसरीवर पाट मांडीत, पाटावर पितळेचा तांब्या आणि त्याच्या कुशीला एक वांगे ठेवीत, आणि पाव तास पेन्सिलीला हात लावू देत नसत. “सावलीत काय काय रंग आहेत ते आधी मला सांगा,” असे ते म्हणत. काळा, असे आम्ही एकमुखाने सांगत. मग ते हसून गप्प बसत, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्याने लाजून आम्ही पुन्हा पाहू लागत असू, तो तांब्याच्या सावलीत वांग्याचा जांभळा, पाटाचा तांबूस आणि अंगणातल्या उन्हाचा कसलासा पिवळसर अंश एकेक करून दिसू लागे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी त्यांच्याकडूनच दिल्या, आणि वस्तुचित्रात मला बेताचेच गुण मिळाले. परंतु सावली काळी नसते, हे मी पुढे माणसांच्या बाबतीतही विसरलो नाही.

हे सारे लिहिताना एक टोचणी मनाला लागून राहते. माझी ती माडी आणि ती ओसरी फी देणाऱ्यांची होती. आमच्याच वर्गातील कितीतरी मुले शाळा सुटल्यावर गुरांमागे किंवा दुकानाच्या फळीवर जात, आणि त्यांच्या वाट्याला ना बुवा आले ना मास्तर. शाळेने जे देण्याचे टाळले ते बाहेर विकत घ्यावे लागले, की ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याचे बालपण तेवढे मुके राहते. सुदैवाने आपल्या समाजाने याचा थोडाफार विचार शाळा निघण्यापूर्वीच करून ठेवलेला होता. विठ्ठलमंदिरात एकादशीच्या भजनाला उभे राहणारे पोर हातात टाळ घेते तेव्हा त्याला कोणी फी मागत नाही. पखवाजाच्या अंगाने पाऊल कसे टाकावे हे त्याच्या पायांना आधी कळते आणि डोक्याला नंतर. याच परंपरेला विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्थेच्या रूपाने घर दिले. गोव्यात हेच कार्य चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या गावशाळांनी केले. तेथे गरीब घरची मुले स्वरलिपी वाचून गाण्यास आणि व्हायोलिन धरण्यास शिकत, आणि त्या मुशीतून निघालेल्या वादकांनीच मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याच्या चर्चमधील गायकवृंदाच्या मास्तरांचा मुलगा अँथनी गोन्साल्विस मुंबईस आला आणि पुढे प्यारेलाल यांना त्याने व्हायोलिनचे धडे दिले. आमच्या मिरजेत तर ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात, जेथे अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेत आहेत, उरसाच्या रात्री नामांकित गवई गाऊन जात, आणि तिकीट कोणालाच नसे. गुरे राखणारा माझा एक सवंगडी तेथे घोंगडीवर पडून पहाटेपर्यंत ऐके. रागाचे नाव त्याला एकही सांगता येत नसे, पण गवई समेवर येण्याच्या क्षणी त्याची मान माझ्या आधी हले.

आता माझी नात वर्गाला जाते. मधल्या काळात पुष्कळ बदलले आहे. शास्त्रीय संगीताची वा चित्रकलेची ठराविक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात. हा नियम करणाऱ्यांचा हेतू स्तुत्यच होता, कारण त्यामुळे कित्येक घरांत माझ्या वडिलांसारख्या चष्मा पुसणाऱ्या गृहस्थांची समजूत पटली असेल. परंतु त्याबरोबरच आठवीत पेटी उघडणारी आणि दहावीचा अर्ज भरून झाला की ती कायमची मिटणारी मुलेही मी पाहतो, आणि मला नवव्या मात्रेची आठवण होते. भातखंडे यांच्या स्वरलिपीत समेखाली फुली लिहितात आणि खालीच्या जागी शून्य. गुणपत्रिकेतही शून्य असते; पण गुणपत्रिकेतले शून्य म्हणजे काही नाही, आणि तालातले शून्य म्हणजे आवर्तनाचा मध्य. डग्गा तेथे आपला घुमारा आवरतो म्हणूनच सम कोठे आहे हे गाणाऱ्याला उमगते. मुलाच्या दिवसाचे आवर्तन आपण टाळ्यांनी भरून काढले आहे. शाळेची टाळी, शिकवणीची टाळी, स्पर्धेची टाळी. एक जागा रिकामी होती, तीही आता गुणांनी भरली. घराबाहेर पडण्यापुरती परीक्षेची किल्ली हाती असावी हे मला मान्य आहे. दार उघडल्यावरही ती किल्लीच वाजवीत बसावे, हे मात्र मनाला पटत नाही.

परवा नातीला आणावयास गेलो तेव्हा वर्ग सुटावयाचा होता. जिन्यात चार-पाच पालक मोबाइल पाहत उभे होते, आणि आतून वीस-बावीस मुलांच्या टाळ्या ऐकू येत होत्या. एक, आणि टाळी. पाच, आणि टाळी. नवव्या मात्रेवर सारे हात उलटे झाले असावेत, कारण त्या क्षणी खोलीत काहीच वाजले नाही, आणि त्या निमिषमात्र पोकळीतून खालच्या रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाळी आणि समोरच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी एकदम वर आली. पुढच्या आवर्तनात मात्र नेमकी नवव्यालाच कोणाची तरी एकटी, ठणठणीत टाळी पडली. मुले खदखदून हसली, बाई हसल्या, टाळी देणारेही हसले असावे. मग दहा, अकरा, बारा अशी मोजणी पुढे गेली आणि तेराव्याला सगळे हात पुन्हा एकत्र वाजले. त्या चुकीची नोंद कोणीही, कोठेही केली नाही.